वन-टन घ्या, पण फॉर्म २१ बघूनच

महूच्या एका भंगारवाल्याकडे १९८४ सालची निसान वन-टन, म्हणजे लष्कराचा छोटा ट्रक, उभी आहे, हिरवा रंग मारून तयार, भाव वाजवी, कागद 'नंतर होऊन जातील', पहिलीच लष्करी गाडी म्हणून घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. गाडीची निवड चांगली आहे. शक्तिमान या लष्कराच्या मोठ्या ट्रकच्या नादाला लागला नाहीत ते बरं केलंत. सुदामानगरच्या गल्लीत ती वळवणार कुठे? पण ते 'नंतर' मला पटलेलं नाही.

लष्कराची गाडी आपल्या आरटीओत कधी नोंदलेलीच नसते. पाटीवरचा बाणाच्या खुणेचा नंबर लष्करापुरता. लिलावात निघाल्यावर तिची नागरी नोंदणी करायची तर फॉर्म २१ मधलं मूळ विक्री प्रमाणपत्र लागतं. झेरॉक्सवर काम होत नाही. गाडी चार हात फिरून आलेली असली की मध्येच कोणीतरी प्रमाणपत्र एका गाडीचं नि चेसिस दुसरीची, असा मेळ घालून ठेवतो. म्हणून जाताना तारेचा ब्रश आणि थोडं रॉकेल न्या. चेसिसवरचा रंग खरवडून कोरलेला नंबर कागदाशी आकडा न् आकडा ताडून बघा. आजूबाजूला ग्राइंडर फिरल्याची चकाकी किंवा वेल्डिंगची गाठ दिसली तर चहा प्या आणि घरी या. नंबर जुळला तरी पैसे देण्याआधी एकदा आरटीओत विचारा, नोंद मालवाहू म्हणून होणार की खासगी. टॅक्स आणि फिटनेस दोन्ही त्यावर ठरतं.

व्हिंटेज नंबरचं विसरा. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेल्या, मूळ रूपातल्या दुचाकी-चारचाकींनाच 'व्हीए' मालिका मिळते. शिवाय त्या नंबरावर रोज फिरता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढंच.

आणि तो हिरवा रंग. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना चालतो. नवख्या मालकाच्या हेच सगळ्यात जिवावर येतं, मला कल्पना आहे. भंगारवाल्याने त्या रंगाचे पैसे भावात धरले असतील तर ते कापून घ्या, कारण तुम्हाला तो उतरवावाच लागेल. माझी मातकट पिवळी आहे. गल्लीतली पोरं तिला नगरपालिकेची गाडी म्हणतात, म्हणू देत.

आता बॉनेट उघडा. जबलपूरच्या कारखान्यातून ती निघाली तेव्हा आत सहा सिलिंडरचं, जवळपास चार लिटरचं पेट्रोल इंजिन होतं, जोंगा या लष्करी जीपमध्ये असायचं तेच. त्याची तहान मोठी, म्हणून अनेकांनी ते काढून डिझेल बसवलंय. बदल कागदावर चढलेला नसेल तर अशी गाडी घेऊ नका, कितीही छान चालली तरी. मूळ इंजिन असेल तर पेट्रोलचे सगळे रबरी पाइप आणि पंपाचा पडदा आल्या आल्या बदला. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही. मे महिन्यात चढावर गाडी अचानक बंद पडली तर कार्ब्युरेटर उघडत बसू नका. बहुतेक पेट्रोलची वाफ अडकलेली असते. इंजिनाजवळच्या पेट्रोलच्या पंपावर ओली चिंधी टाका, थोडं थांबा.

चाकांबद्दल मात्र नीट वाचा. काही जुन्या लष्करी गाड्यांची रिम दोन तुकडे बोल्टने जोडून केलेली असते. आतल्या वर्तुळातले नट चाक हबला धरतात, बाहेरच्या वर्तुळातले त्या दोन तुकड्यांना. हवा भरलेली असताना बाहेरचे नट सैल केले की रिम फुटून उडते, माणूस जागच्या जागी जातो. तुमच्या गाडीला तशी रिम असेल तर बाहेरचे नट लाल रंगवून टाका, आणि पंक्चर काढणाऱ्या पोराच्या हातात पाना देण्याआधी वॉल्व्हची पिन स्वतः काढून सगळी हवा सोडा. ट्यूबलेस गाड्यांवर शिकलेल्या पोराला हे माहीत नसतं, यात त्याचा दोष नाही.

चालवायला अवघड नाही, जड आहे. पॉवर स्टेअरिंग नाही, गिअरला डबल क्लच लागतो, म्हणजे दर बदलाला क्लच दोनदा दाबायचा, आणि कोरड्या डांबरावर फोर-व्हील टाकायचा नाही, नाहीतर पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी ट्रान्सफर केस ताण खाते. ब्रेक आधी रिकाम्या मैदानात तपासा. भेरूघाट नंतर, तोही खालच्या गिअरमध्ये उतरायचा.

भंगारवाला फॉर्म २१ दाखवायला किती दिवस लावतो ते आधी बघा. तोवर बयाणा देऊ नका, पाचशे रुपयेसुद्धा नाही.