'डिजिटल सार्वभौमत्व' म्हणजे नेमकं काय?

प्रश्न असा: 'सगळा डेटा देशातल्या सर्व्हरवर आणला, डिजिटल सार्वभौमत्व साधलं' हे वाक्य बरोबर आहे का? आणि क्लाउडचा, म्हणजे इंटरनेटवरून सर्व्हर आणि साठवण भाड्याने देण्याचा, धंदा मोजक्या कंपन्यांच्या हाती असण्याला 'मक्तेदारी' म्हणावं का?

वाक्य चुकीचं. डेटा देशात ठेवण्याला 'स्थानिकीकरण' हा शब्द रुळलेला आहे, तोच वापरावा. सार्वभौमत्वात प्रश्न जागेचा नसून शेवटचा शब्द कोणाचा, हा असतो. अमेरिकेच्या २०१८ सालच्या क्लाउड कायद्यानुसार तिथली यंत्रणा रीतसर आदेश काढून अमेरिकी कंपनीकडून तिच्या ताब्यातला डेटा मागू शकते. सर्व्हर कोणत्या देशात आहे याने फरक पडत नाही. त्यामुळे डेटा सेंटरच्या पत्त्याआधी कूटबद्ध डेटाची किल्ली कोणाकडे आहे ते विचारावं. ती फक्त ग्राहकाकडे असेल, तर कंपनी देऊन देऊन देणार काय? न वाचता येणारी अक्षरं.

'मक्तेदारी'ही इथे बसत नाही. कंपन्या तीन-चार असतात, आपसांत जोरदार स्पर्धा करतात, तरी भार थोड्यांवर 'एकवटतो'. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डाइन (Dyn) या डीएनएस कंपनीवर, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याच्या सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या कंपनीवर, मिराय या बॉटनेटने (मालकांच्या नकळत ताब्यात घेतलेल्या उपकरणांच्या जाळ्याने) हल्ला केला. ट्विटर, गिटहब यांचे सर्व्हर धडधाकट होते, पण त्यांचे पत्तेच सापडेनात. डाइनची मक्तेदारी नव्हती. तिच्या एकटीवर विसंबणं नडलं. त्याला शब्द 'परावलंबन'.

हे परावलंबन तपासता येतं. डोमेनच्या, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाच्या, एनएस नोंदी 'डिग' या आज्ञेने काढा; त्या नावाचा पत्ता सांगणारे नेमसर्व्हर कोणते, ते त्यांत असतं. चारही नेमसर्व्हर एकाच कंपनीचे निघाले, तर चार हा आकडा फसवा. गोंधळ झाल्यावर दुसरी कंपनी जोडू, हेही कामाचं नाही: डॉट कॉमच्या मुख्य सर्व्हरवरून मिळालेल्या या नोंदींची प्रत साठवून वापरण्याची मुदत १,७२,८०० सेकंद, म्हणजे २ दिवस असते आणि तोवर कित्येक ठिकाणी जुनेच पत्ते वापरले जातात. दुसरी कंपनी आधीपासून नोंदीत हवी. मग एमएक्स नोंदी, म्हणजे ईमेल कोणत्या सर्व्हरकडे जाते ते सांगणाऱ्या नोंदी, पाहा. संकेतस्थळ देशी आणि ईमेल परदेशी, ही जोडी हमखास सापडते.

जाता जाता लेखनाबद्दल. 'सार्वभौमत्त्व' असं जोड-त घालून लिहिलेलं सर्रास दिसतं. 'महत्' आणि 'तत्' यांच्या शेवटी मुळात त् आहे, म्हणून महत्त्व, तत्त्व. 'सार्वभौम'च्या शेवटी तो नाही, एकच त. 'सार्वभौमता'ही चालेल.