वडिलांचा मेंदूचा लिम्फोमा (पांढऱ्या पेशींचा कर्करोग) उलटला, रिपोर्टात म्युटेशन (जनुकातला बदल) आलंय. आम्ही भावंडांनी जनुकीय चाचणी करावी का?

नको. त्या पैशांत वडिलांना घेऊन मुंबईच्या दोन खेपा होतील.

आमच्या बाबांचाही चौदा महिन्यांनी उलटला. दुसऱ्या वेळच्या रिपोर्टात 'एमवायडी८८ एल२६५पी म्युटेशन पॉझिटिव्ह' अशी ओळ होती. चुलतभावाने ती पिवळ्या मार्करने रंगवली, फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'जेनेटिक आहे.' झालं! चवथीला फोंड्याच्या घरी सगळे जमलो, माटोळी बांधून होते न होते तोच आत्याने विषय काढला. म्हणे, आजोबाही डोक्याच्याच दुखण्याने गेले. (आजोबा माडावरून पडले होते.) मग तिने कुळदेवाला प्रसाद लावला, पाकळी डावी पडली. डिसेंबरात बहिणीची डिचोलीची ठरत आलेली सोयरीक मोडली. 'मुलीच्या रक्तात असलं तर?' हे वाक्य आईने फोनवर ऐकलं आणि फोन माझ्या हातात दिला.

आता त्या ओळीचा अर्थ. गाठीतल्या पेशींमध्ये एमवायडी८८ या प्रथिनाच्या २६५व्या जागी ल्युसिनऐवजी प्रोलिन बसलंय, त्यामुळे बी पेशीला (ज्या पांढऱ्या पेशीची ही गाठ होते तिला) 'जग, वाढ' असा निरोप थांबतच नाही. मेंदूच्या लिम्फोमाच्या निम्म्याहून जास्त रुग्णांत हा बदल सापडतो, पुष्कळदा जोडीला सीडी७९बी या दुसऱ्या प्रथिनाचाही. तो आईबापाकडून आलेला नसतो, गाठ जिच्यापासून वाढली त्या एका पेशीत पुढे कधीतरी झालेला असतो. बाबांच्या बीजातच नाही, तर बहिणीत येणार कुठून? आत्याला हे तीनदा सांगितलं. चुलतभाऊ बीएस्सी आहे, त्याला तरी कळायला हवं होतं.

उलटतो का, तर मेथोट्रेक्सेट या केमोच्या औषधाने एमआरआय स्वच्छ दिसला तरी पहिल्या गाठीच्या पेशींची काही पिलावळ मेंदूत दडून राहते, आणि रक्तातून मेंदूत औषध नीट पोचतही नाही. परतलेल्या गाठीत म्हणूनच पहिलीचे बरेच बदल सापडतात, वर नवेही. बहुतेकांचा पहिल्या दोन वर्षांतच उलटतो. म्युटेशनची ती ओळ उपयोगाची आहे ती औषधांसाठी. इब्रुटिनिब हे औषध याच निरोपाच्या वाटेवर बीटीके हे प्रथिन अडवतं. त्याच जातीच्या टिराब्रुटिनिबला जपानने २०२० मध्ये उलटलेल्या मेंदूच्या लिम्फोमासाठी परवानगी दिली. तुमच्या वडिलांना असलं काही चालेल का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा, आणि रिपोर्ट ग्रुपवर अजिबात टाकू नका.

हां, मोजक्या घरांत एकाहून जास्त जणांना लिम्फोमा झालेला दिसतो, आणि जन्मजात प्रतिकारशक्तीचा दोष असेल तर गोष्ट वेगळी. तसं काही असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

अजून एक. पुन्हा बायोप्सी ठरली असेल तर स्टिरॉइड आधी की नंतर, हे विचारून घ्या. पहिल्या वेळी बाबांना एका ठिकाणी आधीच डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड दिलं, गाठ विरघळल्यासारखी झाली, आम्ही पेढे वाटले. बायोप्सीत मग काहीच सापडेना, दीड महिना फुकट गेला. चालू असलेली स्टिरॉइडची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका.