माती ओली असून मिरची माना का टाकते, आणि खाऱ्या पाण्यातली तिवरं हिरवी कशी?

तुम्ही विचारलंय: गोव्यातल्या चोडण बेटावर घरच्या विहिरीचं पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतं. ते घातलं की माती ओली असूनही कुंडीतल्या मिरच्या माना टाकतात, बांधापलीकडची तिवरं (खारफुटीची झाडं) मात्र हिरवीगार. असं का?

तुमची मिरची चक्क तहानलेली आहे. पान ताठ राहतं ते पेशीतल्या दाबामुळे. पेशीच्या मधोमध रिक्तिका नावाची पाण्याची पिशवी असते. ती भरली की पेशीभित्तीवर ५ ते १० बार दाब येतो. गाडीच्या टायरात जेमतेम २-२.५ बार असतो. मुळं पाणी ओढतात, कारण पेशीरस मातीतल्या पाण्यापेक्षा दाट असतो. मातीत मीठ साचलं की हा फरकच उरत नाही. बटाट्याच्या बोटाएवढ्या दोन फोडी घ्या. एक साध्या पाण्यात ठेवा, दुसरी चमचाभर मीठ घातलेल्या ग्लासभर पाण्यात. दोन तासांनी साध्यातली कट्कन मोडेल, मिठातली रबरासारखी वाकेल.

समुद्राच्या पाण्यातून थेंब ओढून घ्यायला साधारण २५ बारांहून जास्त ताण लावावा लागतो. तिवर त्यासाठी मीठच वापरतं, पण रिक्तिकेत कोंडून. रिक्तिकेबाहेरच्या पेशीद्रव्यात ते शिरलं तर विकरं (एन्झाइम) बिघडतात. तिथला तोल ग्लायसीन बीटेनसारख्या निरुपद्रवी द्रव्यानं सांभाळला जातो. जादा मीठ पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर पडतं. भर उन्हाळ्यात दुपारी तिवराचं पान जिभेला लावून बघा! कांदळ या दुसऱ्या खारफुटीची तऱ्हा निराळी, तो बहुतेक मीठ मुळांशीच अडवतो.

मिरचीला हे जमत नाही. तिच्यासाठी टीडीएस मीटरनं (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या उपकरणानं) पाणी तपासा; १००० पीपीएमच्या वर गेलं तर ते देऊ नका. पानांच्या कडा करपल्या असतील तर मीठ आधीच साचलंय. १० लिटरच्या कुंडीत २० लिटर गोडं पाणी थोडं थोडं ओतत भोकांतून वाहू द्या. खालची ताटली काढा, नाहीतर गळालेलं मीठ परत वर चढतं. लोक इथे हमखास एक चूक करतात: झाड मलूल दिसलं की खत घालतात. रासायनिक खत म्हणजे क्षारच, त्यानं ओढ आणखी अवघड होते. नवी पालवी येईपर्यंत थांबा.

मचूळ पाणी माडाला घाला, तो बऱ्यापैकी सोसतो.