घरच्या विंडोज कॉम्प्युटरच्या बॅकअपसाठी फुकटात कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? वनड्राइव्ह आहेच, तेवढं पुरेल का?

नाही पुरणार. वनड्राइव्ह हे मुळात सिंक आहे. इकडे फाइल उडवली की तिकडूनही जाते, आणि पर्सनल अकाउंटच्या रिसायकल बिनमध्ये ती 30 दिवसच राहते. फुकट जागाही 5 जीबीच.

फोटो आणि कागदपत्रं एवढंच जपायचं असेल तर विंडोजमधलीच फाइल हिस्ट्री वापरा. बाहेरची हार्ड डिस्क लावा आणि कंट्रोल पॅनेलमधून फाइल हिस्ट्री चालू करा. डिस्क जोडलेली असताना ती दर तासाला बदललेल्या फाइल्सची प्रत घेते, जुन्या आवृत्त्याही ठेवते. पण डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप असे ठरावीक फोल्डरच बघते. टॅलीचा डेटा डी ड्राइव्हवर असेल तर तो फोल्डर आधी विंडोजच्या लायब्ररीत (फोल्डरांच्या यादीत) घालावा लागतो. हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

विंडोजसकट अख्खा कॉम्प्युटर परत उभा करायचा असेल तर वीम एजंट या बॅकअप सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती घ्या. पूर्वी सगळे याच कामासाठी मॅक्रियम रिफ्लेक्ट सुचवायचे, पण त्याची मोफत आवृत्ती 2024 पासून बंद आहे. जुना इन्स्टॉलर शोधत बसू नका. वीम बसवलं की लगेच रिकव्हरी पेनड्राइव्ह बनवा आणि त्यावरून कॉम्प्युटर खरंच सुरू होतो का ते बघा. बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा.

आणि कृपा करून, बॅकअप झाला की डिस्क काढून कपाटात ठेवा. रॅन्समवेअर, म्हणजे फाइल्स लॉक करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, शिरलं तर जोडलेल्या डिस्कवरच्या फाइल्सही लॉक होतात. अधूनमधून एखादी फाइल बॅकअपमधून परत आणून उघडून बघत जा.