'हलकं काम' म्हणजे नेमकं कोणतं, ते आधी शिकवा

ताई, वणीजवळच्या तुमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये जखमी कामगारांना परत कामावर आणायची जबाबदारी दोन मुकादम आणि टाइमकीपरवर टाकलीय, त्यांना काय शिकवावं असं तुम्ही विचारलंय. मी हिंगणघाटकडच्या एका जिनिंगमध्ये २२ वर्षं हेच काम केलं, त्यावरून सांगतो.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'हलकं काम' लिहिलेलं असतं आणि त्यातून कोणालाच काही कळत नाही. आमच्याकडे रेच्यात, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रात, दोन बोटं सापडलेला माणूस परत आला, मुकादमाने त्याच्या हाती झाडू दिला. मीही होकार दिला. पण मूठ आवळली की जोर त्याच बोटांवर यायचा. चार दिवसांत टाका उसवला, हात सुजला, अन् तो पुन्हा दोन महिने घरी. मुकादमाचा दोष नव्हता, त्याला आम्ही शिकवलंच नव्हतं.

तेव्हापासून मी प्रशिक्षण ऑफिसात घेतलं नाही. मुकादमाच्या उजव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटं चिकटपट्टीने बांधायची आणि तासभर कामाला लावायचं. सरकी फावड्याने ओढा, गठाणीची (दाबलेल्या रुईच्या गाठीची) पट्टी बांधा, मस्टरवर सही करा, डबा उघडा. गठाणीच्या पट्टीपाशी सगळेच थांबतात. मग प्रत्येक कामापुढे त्यांच्याकडूनच लिहून घ्या: कोणती बोटं लागतात, किती वजन, वाकावं लागतं का, धूळ किती. तो कागद कामगारासोबत डॉक्टरांकडे पाठवा. मग चिठ्ठीवर 'वजनकाट्यावर नोंदी चालतील, फावडं नको' असं येतं.

टाइमकीपरला एक गोष्ट पक्की सांगा. फक्त जिनिंग-प्रेसिंग करणाऱ्या हंगामी कारखान्याला ईएसआयसी, म्हणजे सरकारी कामगार विमा, लागू नसतो, म्हणून तुमचे कामगार त्यात आहेत का ते आधी बघा; असतील तर तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ सरासरी रोजाच्या ९० टक्के मिळतो, पण ज्या दिवशी काम केलं त्या दिवसाचा नाही. म्हणून 'नुसतं बसायला ये' म्हणत डॉक्टरांच्या फिट सर्टिफिकेटआधी कोणाला बोलवायचं नाही.

अपघातानंतर दोन दिवसांत मुकादमानेच फोन करायचा. हंगाम थोड्या महिन्यांचा, घरी पडलेल्या माणसाला जागा गेल्याचीच धास्ती असते. बहुतेक मुकादम पहिलं विचारतात, "कधी येतं?" मी त्यांच्याकडून मोठ्याने म्हणवून घ्यायचो, "घाई नोका करू भाऊ, तुमची जागा हाये तशीच हाये." दोन-तीनदा म्हटलं की जीभ वळते. गाव जवळ असेल तर फोनऐवजी मुकादमाला घरीच पाठवा, आणि तो वेळ त्याच्या हजेरीत धरा.