मुंबई ते न्यूयॉर्क विमानाने किती अंतर आहे आणि किती तास लागतात?

तुमचे आई-बाबा पहिल्यांदाच न्यू जर्सीला निघालेत आणि त्यांना विमानात नेमकं किती वेळ बसावं लागेल, असं तुम्ही विचारलंय. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. थेट विमानाला जाताना सोळा तासांच्या आसपास लागतात, येताना साधारण तास-दीड तास कमी.

ताशी ९०० किलोमीटरच्या हिशोबाने चौदाच तास व्हायला हवेत, मग सोळा कसे? जमिनीपासून नऊ-दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. अमेरिकेला जाताना तो समोरून येतो, परतताना पाठीशी असतो. हिवाळ्यात त्याचा जोर जास्त, त्यामुळे तेव्हा जाण्या-येण्यातला फरकही वाढतो. शिवाय तिकिटावरच्या वेळेत धावपट्टीपर्यंत जाणं, तिथे रांगेत थांबणं हेही धरलेलं असतं.

दुसरं कारण मार्गाचं. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिकवरून जाते, पण त्या रेघेने गेलं तर १४,००० किलोमीटरच्या वर भरतात. पृथ्वी गोल असल्यामुळे खरा जवळचा मार्ग मुंबईहून वायव्येपेक्षाही उत्तरेकडे झुकतो आणि थेट आइसलंडवरून जातो. घरात पृथ्वीगोल असेल तर दोरा ताणून आई-बाबांना जरूर दाखवा, मला तर हे फार सुंदर वाटतं. मात्र हा मार्ग पाकिस्तान, रशिया यांच्या आकाशातून जातो. पाकिस्तानने एप्रिल २०२५मध्ये भारतीय विमानांसाठी आपलं आकाश बंद केलं. अशा वेळी वळसा घ्यावा लागतो आणि वेळ वाढतो. म्हणून जुन्या माहितीवर विसंबू नका, तुमच्या तारखेच्या तिकिटावरची वेळच खरी.

घड्याळाचा घोळ आधीच समजावून सांगा. न्यूयॉर्क आपल्या मागे आहे, उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा. मे महिन्यात रात्री एकला मुंबईहून निघून सोळा तास उडालं तर तिथे त्याच तारखेच्या सकाळचे साडेसात वाजलेले असतात. तिकिटावर साडेसहाच तास दिसतात म्हणून कुणी खूश होऊ नये! पोहोचल्यावर औषधांच्या वेळा कशा बदलायच्या, हे डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून द्या.

आता थेट विमान घ्यावं की वाटेत थांबणारं? दुबईमार्गे गेलं तर अंतर जेमतेम चार-पाचशे किलोमीटरने वाढतं. वेळ खातो तो थांबा, आणि एकूण प्रवास वीस-बावीस तासांवर सहज जातो. तरी गुडघे दुखत असतील तर मध्ये पाय मोकळे होतात, हा फायदा मोठा आहे. पण थांबा दीड तासापेक्षा कमी असेल तर त्या तिकिटाच्या वाटेला जाऊ नका, तीन-चार तासांचा बघा आणि व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा. दोघांना इंग्रजीची अडचण असेल तर मी थेट विमानच सुचवेन, थोडे पैसे जास्त गेले तरी. अबू धाबीमार्गे गेल्यास अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी बहुधा तिथेच होते आणि पुढे उतरल्यावर ती रांग लागत नाही. तिकीट काढण्याआधी तुमच्या विमानाला ही सोय आहे का, तेवढं कंपनीला विचारून घ्या.