बंदीनंतरही भरत राहिलेला बाजार

प्रश्न : ताई, अमेरिकेने १८०८ पासून गुलाम आणायला बंदी केली असं आम्ही शाळेत शिकलो. मागच्या अंकात मात्र तुम्ही लिहिलंत, की न्यू ऑर्लिन्समध्ये १८५० नंतरही माणसांचे लिलाव होत होते. बंदी होती, तर माणसं यायची कुठून? चोरून?

उत्तर : चोरून आणलेली फार थोडी. बाकी सगळा व्यापार दिवसाढवळ्या आणि कायदेशीर चालायचा. १ जानेवारी १८०८ पासून बंद झालं ते परदेशातून माणसं आणणं. देशातल्या देशात, एका राज्यातला माणूस दुसऱ्या राज्यात नेऊन विकायला कसलीच आडकाठी नव्हती. उलट बाहेरची आवक थांबल्यामुळे व्हर्जिनिया, मेरीलँडच्या मालकांच्या ताब्यातल्या माणसांचा भाव वधारला. तिथल्या जमिनी तंबाखूने थकल्या होत्या. इकडे दक्षिणेत, १७९३ साली एली व्हिटनीचं सरकी काढायचं यंत्र आल्यापासून कापसाचं पीक झपाट्याने पसरत होतं, आणि लुइझियानात उसाचे मळे उभे राहत होते. तिथे हात हवे होते.

आई गुलाम असेल तर मूलही जन्मतः गुलाम, हा कायदा व्हर्जिनियाने १६६२ सालीच करून ठेवला होता. त्यामुळे १७९० साली साधारण ७ लाख असलेली देशातल्या गुलामांची संख्या १८६० पर्यंत ३९ लाखांवर गेली, ती मुख्यतः तिथेच जन्मलेल्या मुलांमुळे. याच काळात सुमारे १० लाख माणसांना जुन्या राज्यांतून दक्षिणेकडे नेलं गेलं. काहींचे मालकच बिऱ्हाड हलवून गेले, पण निम्म्याहून अधिक माणसं विकली गेली. काहींना साखळीत बांधून शेकडो मैल चालवत नेलं, काहींना मिसिसिपी नदीतल्या आगबोटींतून, तर काहींना समुद्रमार्गे जहाजातून. या सगळ्या वाटा ज्या शहरात येऊन मिळत, ते लुइझियाना राज्यातलं न्यू ऑर्लिन्स.

आता तुम्ही विचारलेल्या बंदीविषयी. ज्या कायद्याने परदेशी व्यापार बंद केला, त्याच कायद्याने देशी व्यापाराच्या कागदपत्रांची रीत ठरवून दिली. किनाऱ्याने गुलाम नेणाऱ्या जहाजाच्या कप्तानाला प्रत्येकाची यादी द्यावी लागे : नाव, स्त्री की पुरुष, वय, उंची किती फूट किती इंच, कातडीचा रंग. खाली कप्तान आणि माल पाठवणारा शपथेवर लिहून देत, की यातला एकही माणूस १ जानेवारी १८०८ नंतर देशात आणलेला नाही. एवढं लिहून दिलं, की जहाज सुटायला मोकळं. मला या व्यापारातला हा कागद चाबकाइतकाच भयंकर वाटतो, कारण तो भरणाऱ्या कारकुनाच्या मनात आपण काही वावगं करतोय अशी शंकाही येण्याचं कारण नव्हतं.

अशा एका यादीत 'प्लॅट हॅमिल्टन' हे नाव आहे. जहाज 'ऑर्लिन्स', साल १८४१. हा माणूस खरं तर सॉलोमन नॉर्थप, न्यू यॉर्क राज्यात स्वतंत्र जन्मलेला, व्हायोलिन वाजवणारा, बायकामुलांचा संसार असलेला. कामाचं आमिष दाखवून त्याला वॉशिंग्टनला नेलं आणि तिथे पळवलं. देशाच्या संसदेपासून हाकेच्या अंतरावरच्या कोंडवाड्यात त्याला डांबलं होतं. १८५३ साली सुटका झाल्यावर त्याने सगळं सांगितलं, म्हणून न्यू ऑर्लिन्सच्या बाजाराची आतली बाजू आज आपल्याला कळते.

तिथे थिओफिलस फ्रीमन नावाच्या दलालाने आणलेल्या माणसांना आधी न्हाऊ घातलं, पुरुषांची दाढी करवली, नवे कपडे दिले. पुरुषांना कोट, विजार, टोपी, बूट. बायकांना छिटाचे झगे आणि डोक्याला रुमाल. मग उंचीप्रमाणे रांगा लावून कसं उभं राहायचं, कसं चटपटीत दिसायचं याची तालीम घेतली. दुपारी जेवणानंतर नॉर्थपच्याच हाती व्हायोलिन देऊन बाकीच्यांना नाचायला लावलं. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकं आली. ती तोंड उघडायला लावून दात बघत, हात-दंड चाचपत, चालवून पाहत. कधी आतल्या खोलीत नेऊन कपडे उतरवत. पाठीवर वळ असले तर माणूस उद्दाम असणार असं धरून भाव पाडत.

बडे लिलाव सेंट लुई हॉटेलच्या घुमटाखाली, दुपारी १२ ते ३ च्या दरम्यान, इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये पुकारले जात. १८४२ च्या एका खोदचित्रात त्या घुमटाखाली जमीनजुमला, तसबिरी आणि माणसं यांची विक्री एकाच वेळी चाललेली दिसते.

लुइझियानाच्या कायद्यात गुलाम ही स्थावर मालमत्ता होती, म्हणजे जमिनीसारखी. म्हणून प्रत्येक खरेदीखत नोटरीपुढे होई. ती दप्तरं अजून आहेत. घेतलेल्या माणसात 'दोष' निघाला तर खरेदीदार कोर्टात जाऊन पैसे परत मागू शकत असे. महारोग, वेड, फेफरं हे शरीराचे दोष. चोरीची आणि पळून जायची सवय हे स्वभावाचे. स्वातंत्र्याची ओढ कायद्याने दोषांच्या यादीत घातली होती! बँकाही मागे नव्हत्या. जे. पी. मॉर्गन चेज या बँकेने २००५ साली जाहीर कबुली दिली, की तिच्यात पुढे विलीन झालेल्या लुइझियानाच्या दोन बँकांनी सुमारे १३ हजार गुलाम कर्जापोटी तारण म्हणून घेतले होते.

प्रश्न : आईपासून मूल तोडायला तरी कायद्याचा अडसर नव्हता का?

उत्तर : होता. १० वर्षांखालचं मूल आईपासून वेगळं विकू नये, असा कायदा लुइझियानाने १८२९ साली केला होता. तो कितपत पाळला जाई, हे नॉर्थपबरोबर त्याच जहाजातून आलेल्या एलायझाच्या बाबतीत दिसतं. तिला दोन मुलं : रँडल, वय साधारण १०, आणि एमिली, वय ७-८.

रँडलला एका मळेवाल्याने पसंत केलं. पोराला उड्या मारायला लावून, इकडून तिकडे पळवून पाहिलं. एलायझा सारखी विनवत होती, की मलाही घ्या, एमिलीलाही घ्या, मरेपर्यंत इमानाने राबेन. त्याला परवडत नव्हतं. रडणं थांबव नाहीतर फटके खाशील, असा फ्रीमनने दम दिला. पोरगा गेला.

पुढे विल्यम फोर्ड नावाच्या धर्मोपदेशकाने तिघांना घेतलं : नॉर्थप १००० डॉलरला, हॅरी नावाचा दुसरा माणूस ९०० ला, एलायझा ७०० ला. आई-लेकीचा आकांत बघून फोर्ड एमिलीचेही पैसे द्यायला तयार झाला. फ्रीमन म्हणाला, ही विकायची नाही. कारणही त्याने उघड सांगितलं : पोरगी दिसायला देखणी आहे, थोडी मोठी झाली की तिचे हजारो डॉलर येतील. ती रक्कम कशासाठी मोजली जाणार होती, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. एमिली १० वर्षांच्या आतली होती, कायदा लागू होता, गिऱ्हाईकही तयार होतं. तरी ती मागे राहिली. एलायझाला मुलं पुन्हा दिसली नाहीत. काही वर्षांत ती झिजून गेली.

कायदा होता म्हणून मालक दयाळू होते असं कुणी म्हणालं, तर त्याला एमिलीबद्दल जरूर सांगा.

प्रश्न : इतके लोक होते, कुणीच विरोध कसा केला नाही?

उत्तर : केला ना. नॉर्थप विकला गेला त्याच वर्षी, नोव्हेंबर १८४१ मध्ये, 'क्रिओल' हे जहाज व्हर्जिनियाहून १३५ गुलाम घेऊन न्यू ऑर्लिन्सला निघालं होतं. मॅडिसन वॉशिंग्टनच्या पुढाकाराने १९ जणांनी जहाजाचा ताबा घेतला आणि ते बहामातल्या नसाऊ बंदरात न्यायला लावलं. तिथे ब्रिटिशांचं राज्य आणि गुलामगिरी रद्द झालेली, म्हणून बहुतेक सगळे मोकळे झाले. मालकांनी भरपाईचा तगादा सोडला नाही. पुढे लवादाने ब्रिटनला १,१०,३३० डॉलर द्यायला लावले. ते अर्थात मालकांना.

प्रश्न : ताई, मी नववीला इतिहास शिकवते. ताटातूट झालेली ही माणसं नंतर एकमेकांना भेटली का? मुलं हे हमखास विचारतात.

उत्तर : काही भेटली, बहुतेक नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६२ च्या वसंतात, उत्तरेच्या फौजांनी न्यू ऑर्लिन्स घेतलं आणि तिथला बाजार मोडला. डिसेंबर १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने देशभर गुलामगिरी संपली. त्यानंतर शोध सुरू झाला, आणि तो पिढीभर चालला.

त्याच न्यू ऑर्लिन्समधून १८७७ पासून 'साउथवेस्टर्न ख्रिश्चन ॲडव्होकेट' हे पत्र निघू लागलं. त्यात 'लॉस्ट फ्रेंड्स' नावाचं सदर असे. वर्गणीदारांची पत्रं फुकट छापत, इतरांना ५० सेंट पडत. पाद्रींना विनंती असे, की ही पत्रं चर्चमध्ये मोठ्याने वाचून दाखवा, कारण ज्यांच्यासाठी ती होती त्यांतल्या कित्येकांना वाचता येत नव्हतं. माझ्या आईचं नाव अमुक, आम्ही अमक्याच्या ताब्यात होतो, मला अमक्या दलालाने अमुक गावी विकलं, भावंडांची नावं ही, अशा धर्तीची ती पत्रं. मालकाचं नाव द्यावंच लागे, कारण शोधाचा धागा तोच. विक्री होऊन तीस-चाळीस वर्षं उलटलेली माणसंही लिहीत.

यातल्या अडीच हजारांहून अधिक जाहिराती 'हिस्टॉरिक न्यू ऑर्लिन्स कलेक्शन' या संस्थेने इंटरनेटवर खुल्या केल्या आहेत. माणसाचं किंवा ठिकाणाचं नाव टाकून शोधता येतं आणि इंग्रजी सोपं आहे. वर्गात दोन-तीन जाहिरातींच्या वर नेऊ नका. एखादी निवडा, फळ्यावर नकाशा काढा आणि त्या माणसाला कुठून कुठे नेलं ते मुलांकडूनच रेघेने दाखवून घ्या. सोबत एखादी जहाजाची यादी ठेवा. यादीत काय लिहिलंय आणि पत्रात काय, एवढंच विचारा. पुढचं मुलं बोलतील.